हिरवी चटई आणि काळी माती

'टर्फ' हा शब्द आपल्या कराड-मलकापूर पट्ट्यात गेल्या काही वर्षांत इतका रुळला आहे की तो आता मराठीच वाटतो. "आज टर्फवर येणार का?" असं विचारलं की कोणी अर्थ विचारत नाही. संध्याकाळी दिवे लागले की जाळीच्या पिंजऱ्यात बॉक्स क्रिकेट सुरू! आणि आता हीच हिरवी चटई मैदानातून निघून घरांच्या अंगणात शिरली आहे. बंगल्यापुढची दहा-पंधरा फुटांची जागा, टेरेस, गाडी लावायची जागा, काहीही असो, हिरवं करून टाकायचं. पाणी नको, माळी नको, चिखल नको.

आपल्या हॉस्टेलच्या मागच्या मोकळ्या जागेत टर्फ टाकावं अशी मागणी यंदा दोन्ही हॉस्टेलांकडून झाली आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी स्वतः त्या मागणीवर सही केली आहे. तरीही हा लेख लिहायला घेतला, कारण मलकापुरात आगाशिवनगरला माझे मामा राहतात आणि त्यांच्या अंगणात हा प्रयोग दोनदा झाला. पहिल्यांदा एका ठेकेदाराने केला, दुसऱ्यांदा आम्ही. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षात जे जे कंटाळवाणं वाटलं होतं ते सगळं त्या आठ मीटर बाय पाच मीटर जागेत समोर उभं राहिलं.

आधी थोडा इतिहास, कारण त्यात एक गंमत आहे. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात १९६५ साली ॲस्ट्रोडोम नावाचं छत असलेलं प्रचंड स्टेडियम सुरू झालं. छत पारदर्शक होतं म्हणून आत खरं गवत लावलं होतं. पण त्या छताच्या चकाकीमुळे खेळाडूंना उंच चेंडू दिसेना, म्हणून छताला रंग दिला. रंग दिल्यावर ऊन येईना, म्हणून गवत मेलं. मग १९६६ मध्ये तिथे प्लॅस्टिकचं गवत अंथरलं आणि त्याला स्टेडियमवरून 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव पडलं. म्हणजे ज्या वस्तूला आपण भर उन्हात अंथरतो, ती प्रसिद्ध झाली ती एअरकंडिशन्ड छपराखाली! तिथे ऊन हा प्रश्नच नव्हता.

आपल्या लोकांना ॲस्ट्रोटर्फ कळलं ते हॉकीमुळे, आणि जरा दुःखदच रीतीने. १९७५ चा वर्ल्ड कप आपण खऱ्या गवतावर जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम पृष्ठभागावर हॉकी झाली आणि भारत सातव्या क्रमांकावर गेला. पुढे आपल्याकडेही अशी मैदानं आली. पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद स्टेडियम आहे, पुण्यात बालेवाडी आहे. हॉकीच्या जुन्या पद्धतीच्या टर्फवर सामन्याआधी भरपूर पाणी मारतात हे टीव्हीवर पाहिलं असेलच. ते मुख्यतः चेंडू सरळ आणि वेगात जावा म्हणून असतं, पण त्याने पृष्ठभाग थंडही होतो. हे पाणी लक्षात ठेवा, ते पुढे आपल्याला छळणार आहे.

आता मूळ प्रश्न. दुकानदार म्हणतो, "मॅडम, हे हीट-रेझिस्टंट आहे." हे खोटं नसतं, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात गुंडाळलेल्या असतात. एक म्हणजे धागा उन्हाने वितळणार नाही, ठिसूळ होणार नाही, रंग उडणार नाही. धागा बहुतेक वेळा पॉलिइथिलीनचा असतो. तो साधारण ११० ते १३० अंशांना वितळतो, आणि त्यात अतिनील किरणांपासून वाचवणारी रसायनं घातली की बरीच वर्षं टिकतो. दुसरी गोष्ट म्हणजे पृष्ठभाग पायाला थंड लागेल. विकणारा पहिली गोष्ट सांगतो आणि घेणाऱ्याला दुसरी ऐकू येते. मामींना तर स्पष्ट दुसरीच ऐकू आली होती.

पृष्ठभाग किती तापतो? याचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास २००२ सालचा, अमेरिकेत युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा आहे. त्यांच्या फुटबॉल मैदानावर सकाळी ७ ते संध्याकाळी ७ या वेळात कृत्रिम टर्फचं सरासरी तापमान सुमारे ४७ अंश सेल्सिअस भरलं, तर शेजारच्या खऱ्या हिरवळीचं सुमारे २६. एका दिवशी हवा ३७ अंश असताना टर्फ ९३ अंशांपर्यंत गेलं. ९३! चहाला उकळी यायला सातच अंश कमी. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा ३७ अंश असणं म्हणजे बातमीसुद्धा नाही.

मग एकाच उन्हात खरं गवत थंड आणि खोटं गरम, असं का? इथे थोडी आकडेमोड करूया, घाबरू नका, सबमिशन नाही. मे महिन्यात आपल्याकडे एक चौरस मीटर जमिनीवर दिवसभरात साधारण २३-२४ मेगाज्यूल सूर्यऊर्जा पडते. पाणी मिळालेली हिरवळ त्या दिवसात साधारण ६ मिलीमीटर, म्हणजे दर चौरस मीटरला ६ लिटर पाणी वाफ करून सोडते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.४ मेगाज्यूल लागतात. सहा गुणिले २.४ म्हणजे १४.४. निम्म्याहून जास्त ऊन गवताने वाफेच्या रूपात परत हवेत फेकून दिलं! माठातलं पाणी थंड राहतं त्याचंच हे मोठं रूप. शिवाय खरं पान उन्हातल्या न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा मोठा भाग परावर्तित करतं. प्लॅस्टिकच्या धाग्याकडे वाफ करायला पाणीच नाही, आणि साधा हिरवा रंग फक्त डोळ्यांपुरता हिरवा असतो, अवरक्त किरणांना तो जवळजवळ काळाच.

महाग 'कूल' टर्फमध्ये हीच दुसरी उणीव भरून काढायचा प्रयत्न असतो. अवरक्त किरण परत फेकणारी रंगद्रव्यं, धाग्याचा वेगळा आकार, किंवा धाग्यांमध्ये भरायला पाणी धरून ठेवणारे कण. याने तापमान काही अंशांनी उतरतं हे खरं. पण सत्तर अंशांतून काही अंश गेले म्हणून तिथे अनवाणी बसता येत नाही. धाग्यांमध्ये काय भरलं आहे यानेही बराच फरक पडतो. जुन्या टायरचा काळा रबरी चुरा सगळ्यात जास्त तापतो. पांढुरकी सिलिका वाळू त्या मानाने बरी. रबरी चुरा घराच्या अंगणात तर नकोच, लहान मुलं काय तोंडात घालतील सांगता येत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये असा चुरा सूक्ष्म-प्लॅस्टिक म्हणून बंद करायचा नियम केला आहे, मैदानांना त्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली आहे.

भाजतं किती याबद्दल एक खुलासा. ६० अंशांच्या गरम पाण्यात त्वचा पाचेक सेकंदांत जळते, हे १९४७ साली मोरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी प्रयोगाने दाखवलं होतं. प्लॅस्टिकचा बारीक धागा ६० अंशांना असला तरी पाय टेकवल्याबरोबर थोडा निवतो, कारण त्यात उष्णता कमी साठलेली असते आणि ती पायाकडे हळू येते. म्हणून मोठा माणूस 'हाय हाय' करत पळून जाऊ शकतो. रांगणारं बाळ पळू शकत नाही. मामांच्या घरी तेव्हा दहा महिन्यांचं बाळ होतं, त्यामुळे दुपारी अंगणाचं दार लावून घ्यायचं हा घरातला नियमच झाला. ज्या बाळासाठी हिरवळ केली तेच आत! मामी म्हणाल्या, "निदान कुरडया तरी लवकर वाळतील." आजीने मात्र प्लॅस्टिकवर वाळवण घालायला साफ नकार दिला.

आता कोणी म्हणेल, पाणी मार की! तेच तर हॉकीवाले करतात. ब्रिगहॅम यंगच्या लोकांनी तेही करून पाहिलं होतं. पाणी मारल्यावर तापमान ७९ वरून २९ अंशांवर आलं. वा! पण पाच मिनिटांत ते ४९ झालं आणि वीस मिनिटांत ७३. म्हणजे एका ओव्हरचा आराम.

मामांच्या ४० चौरस मीटरला हिशोब लावते. खरी हिरवळ असती तर मेमध्ये दिवसाला २४० लिटर पाणी लागलं असतं. शहरात माणशी १३५ लिटर धरतात, म्हणजे जवळजवळ दोन माणसांचं पाणी. मलकापूर हे चोवीस तास मीटरने पाणी देणारं गाव म्हणून नावाजलेलं. लांबलांबची मंडळी ती योजना बघायला येऊन गेली आहेत. इथे जास्त वापरलं की जास्त बिल, त्यामुळे मामांना हे २४० लिटर टोचत होते, आणि म्हणूनच तर प्लॅस्टिक आणलं. आता प्लॅस्टिक थंड ठेवायचं तर दर चौरस मीटरला एक लिटर फवारा धरा, म्हणजे एका वेळी ४० लिटर. सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात दर अर्ध्या तासाला एकदा, म्हणजे दहा वेळा. झाले ४०० लिटर! खरं गवत जगवायला लागतं त्यापेक्षा जास्त पाणी खोटं गवत निववायला.

आणि त्या पाण्यातलं सगळं वाफ होत नाही. टर्फच्या पाठीला निचऱ्यासाठी भोकं असतात. बरंचसं पाणी वाफ व्हायच्या आधीच त्या भोकांतून खाली जातं. खाली काय आहे? आपली काळी माती. इथून खरी गोष्ट सुरू होते.

काळी माती म्हणजे बेसॉल्टचा चुरा हजारो वर्षं कुजून झालेली माती. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी, पातळ पातळ पापुद्रे एकावर एक. या पापुद्र्यांमधल्या फटीत पाणी शिरतं आणि अख्खा कॅट फुगतो. पाणी गेलं की तो आकसतो आणि जमिनीला भेगा पडतात. नदीकाठच्या रानात मे महिन्यात हात आत जाईल अशा भेगा तुम्ही पाहिल्याच असतील. मलकापुरात एक सोय अशी की आगाशिव डोंगराच्या पायथ्याकडे मुरूम वर येतो, आणि जसजसं नदीकडे सरकावं तसतसा काळ्या मातीचा थर जाड होतो. त्यामुळे एकाच गावात दोन बंगल्यांचा अनुभव वेगळा. "शेजाऱ्याचं टर्फ चार वर्षं झाली, काही झालं नाही" हा पुरावा इथे चालत नाही.

मामांकडे पहिलं टर्फ बसवलं ते मे महिन्यात. ठेकेदारांना मे आवडतो, पाऊस नसतो, काम अडत नाही. त्याने वरची माती चार इंच खरवडली, भेगांवर बारीक खडी आणि क्रश सँड टाकली, धुम्मस मारली, चटई अंथरली, कडेने खिळे ठोकले. दोन दिवसांत काम तमाम. दिसायला इतकं सुंदर की पाहुणे आधी अंगणात फोटो काढायचे आणि मग घरात यायचे. जूनच्या शेवटी चटईला पोट सुटलं. मध्ये फुगवटा, कडेला खिळे उपटलेले, सांध्याची पट्टी उघडी.

कारण समजून घ्यायला सोपं आहे. मेमध्ये माती जास्तीत जास्त आकसलेली, भेगा जास्तीत जास्त रुंद. त्या भेगांमध्ये खडी-वाळू भरली म्हणजे मातीची फुगायची जागाच बुजवली. पावसात माती परत फुगणार, आडवी जागा नाही, मग ती वर येणार. शेतातही हे आपोआप होत असतं. वरची माती भेगांत पडते, खालची फुगून वर येते, वर्षानुवर्षं जमीन स्वतःलाच उलथवत राहते. म्हणून मृदाशास्त्रात अशा मातीला 'व्हर्टिसॉल' म्हणतात, लॅटिनमधल्या 'उलथणे' या शब्दावरून. आमच्या केसमध्ये सगळ्यात मोठा फुगवटा एका कोपऱ्यात होता, आणि गच्चीच्या पाण्याचा पाइप बरोबर तिथेच उतरत होता. डॉक्टरला नाडी सापडावी तसं ते होतं!

शिवाय झाकलेल्या मातीची आणखी एक खोड आहे. उघडी जमीन उन्हाळ्यात सगळीकडून सुकते. वरून चटई घातली की मधली माती सुकायची थांबते, कडेची मात्र पूर्वीसारखीच सुकते आणि भिजते. त्यामुळे मध्य कायम थोडा फुगलेला आणि कडा दरवर्षी वरखाली. रस्त्यांच्या आणि घरांच्या बाबतीत हे जुनं दुखणं आहे. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी आयुष्यातला मोठा काळ याच मातीवर घालवला. त्यांचा उपाय सीएनएस नावाने ओळखला जातो. काळ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर द्यायचा, की खालची फुगण्याची धडपड तो थर आवरतो. नुसती वाळू घातली तर हे होत नाही, कारण वाळूला चिकटपणा नाही आणि ती पाणी उलट खाली सोडते. कालव्यांच्या अस्तरासाठी हे तंत्र वापरलं गेलं आणि पुढे त्याचं भारतीय मानकही आलं. व्हायवाला हमखास विचारतात, ज्युनिअर्सनी नोंद घ्यावी.

पण कालव्याला जवळजवळ मीटरभर थर देतात. अंगणात मीटरभर खणायचं म्हणजे चटईपेक्षा खड्डाच महाग, आणि घराचा पाया शेजारीच. तेव्हा आम्ही मधला मार्ग काढला. थोडी हालचाल होणार हे मान्य करायचं, ती सगळीकडे सारखी व्हावी एवढंच बघायचं. चटई ही काँक्रीट नाही, ती सेंटिमीटरभर वरखाली सहन करते. याच कारणासाठी "खाली चार इंच पीसीसी टाकून घ्या, टेन्शनच नाही" हा सल्ला आम्ही मानला नाही. काळ्या मातीवर थेट टाकलेलं पातळ पीसीसी तडकतं, आणि मग तुटलेल्या फरशा चटईखालून पायाला लागतात.

काम कधी करायचं यावर मात्र माझं इंजिनिअरिंग अपुरं पडलं आणि मामांकडे खोदाईला आलेले वयस्कर मुकादम कामी आले. आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच सुरू करणार होतो. ते म्हणाले, "ताई, वापसा आल्याबिगर काळीला हात लावायचा न्हाय." मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, वापसा म्हणजे काय ते मला कळेना. त्यांनी मूठभर माती उचलून दाबली. गोळा झाला पण हाताला चिकटला नाही, आणि बोटाने दाबल्यावर भुसभुशीत फुटला. हा वाफसा. जमीन ओली-चिखलही नाही आणि कोरडी-टणकही नाही. आम्ही लॅबमध्ये प्रॉक्टर टेस्ट करून जो 'ऑप्टिमम मॉइश्चर कंटेंट' काढतो, त्याच्या फार जवळची ही गोष्ट आहे. शेतकऱ्याला तो पेरणीसाठी हवा असतो आणि आम्हाला दाबणीसाठी, एवढाच फरक. इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना आपण तीन शब्दांचं इंग्रजी पाठ करतो. असो. आमच्याकडे वाफसा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला.

मग जुनी चटई गुंडाळून ठेवली (ती शाबूत होती, तीच परत वापरली) आणि ३० सेंटिमीटर खोदलं. बारा घनमीटर काळी माती निघाली, ती नर्सरीवाले आनंदाने घेऊन गेले. तळाच्या मातीत चुना मिसळला, वजनाने साधारण ४ टक्के. चुन्यातलं कॅल्शियम त्या पापुद्र्यांना एकमेकांना धरून ठेवायला लावतं आणि मातीची पाणी पिण्याची हाव कमी होते. हातमोजे आणि चष्मा घालून करायचं काम आहे, चुना डोळ्यात गेला तर गंमत नाही. त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे वरचा मुरूम खालच्या मातीत बुडत नाही. मग मुरूम २० सेंटिमीटर, दहा-दहाच्या दोन थरांत, पाणी शिंपून दाबलेला. साडेतीन ब्रास लागला. त्यावर ७ सेंटिमीटर बारीक खडी आणि ३ सेंटिमीटर क्रश सँड.

मुरूम घेताना एक काळजी घ्यावी लागते. दिसायला सगळा मुरूम सारखाच तांबूस, पण काहींमध्ये फुगणारी माती असतेच. परीक्षा अगदी स्वस्त आहे. बारीक चाळलेली माती १०-१० ग्रॅम घेऊन मोजणीच्या दोन काचेच्या नळ्यांत टाकायची, एका नळीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. चोवीस तासांनी मातीची उंची बघायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून तिथली उंची हा आधार. पाण्यातली माती त्याच्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त वर गेली की सावध व्हायचं, १०० टक्क्यांच्या वर गेली तर ती जास्त फुगणाऱ्या वर्गात मोडते. मामांच्या अंगणातल्या मातीने पाण्याच्या नळीत जवळजवळ दुप्पट जागा घेतली होती. डोंगराकडून आणलेला मुरूम मात्र दोन्ही नळ्यांत शहाण्यासारखा बसून होता. ब्रँच कुठलीही असो, ही टेस्ट एकदा डोळ्यांनी बघा. मेकॅनिकलवाल्यांनासुद्धा आवडेल.

यापुढची दोन कामं चटईखाली दडून जातात म्हणून कोणी करत नाही, पण माझ्या मते सगळं यश त्यांचंच. पहिलं, गच्चीचा पाइप वळवून थेट गटारात सोडला आणि अंगणाला घरापासून गटाराकडे ८० ला १ असा उतार दिला, म्हणजे पाच मीटरमध्ये सहा सेंटिमीटर. दुसरं, बाहेरच्या तिन्ही कडांना दोन फूट खोल अरुंद चर काढून त्यात जाड प्लॅस्टिकचा कागद उभा घातला, म्हणजे कडेची माती बाहेरच्या उन्हाने सुकत नाही आणि बाहेरच्या पाण्याने भिजत नाही. चटई अंथरणं, सांधे जुळवणं, धाग्यांचा कल एकाच दिशेला ठेवणं, वाळू झाडून घालणं हे सगळं एका दिवसात झालं. त्याआधीच्या कामाला नऊ दिवस लागले होते. ज्याला विचारावं तो आपल्याला चटईचा भाव चौरस फुटावर सांगतो आणि या नऊ दिवसांचा भाव सांगतच नाही.

त्यानंतर एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा गेला. पोट सुटलं नाही. रस्त्याकडच्या कडेला किंचित खाच पडली आहे, पाय ठेवला की कळते, बघून कळत नाही. माती शांत झाली; ऊन काही शांत झालं नाही. दुपारी चटई अजूनही तापतेच, कारण खाली काहीही केलं तरी वर ऊन तेच आहे. मामांनी शेवटी अर्ध्या भागावर हिरवी शेडनेट ताणली. सावलीतला भाग आणि उन्हातला भाग यात दुपारी एक वाजता जो फरक असतो तो कुठल्याही 'कूल' धाग्याने पडत नाही. पाणी मारणं बंद केलं आहे, कारण आता सगळ्या घराला कळलं आहे की ते कुठे जातं. दिवाळीला फुलबाज्या आणि भुईचक्रं गेटबाहेर, कारण एक ठिणगी पडली की तिथे काळं टक्कल पडतं. तुळशीवृंदावनाभोवती दोन फूट जागा फरशीची ठेवली, तिथे दिवाही लागतो आणि रांगोळीही निघते.

आता आपल्या हॉस्टेलचं. बाहेरची टर्फ आपल्याकडे चालतात याचं मोठं कारण माझ्या मते धागा नाही, घड्याळ आहे. ती भाड्याने जातात संध्याकाळी सहानंतर. दुपारी दोन वाजता तिथे कुत्रंसुद्धा नसतं. आपणही मागच्या जागेत रात्री जेवणानंतर खेळणार असू तर उन्हाचा प्रश्न जवळपास मिटतो आणि उरतो मातीचा. पण काही जणांनी मधल्या चौकातही टर्फ मागितलं आहे, "बसायला छान" म्हणून. त्याला माझा विरोध आहे. तो चौक तिन्ही बाजूंनी भिंतींत अडकलेला, वारा नाही, खालच्या मजल्यावरच्या खिडक्या तिकडेच उघडतात. तिथे तापलेलं प्लॅस्टिक म्हणजे एप्रिलमध्ये, पीएलच्या ऐन दिवसांत, खोलीत शेगडी ठेवल्यासारखं होईल. तिथे हरळी आपोआप आलेली आहे, ती राहू द्यावी. हरळी म्हणजे गणपतीला वाहतो त्याच दूर्वा. जगभर क्रिकेट आणि गोल्फची अनेक मैदानं याच गवताची असतात आणि तिकडे त्याला बर्म्युडा ग्रास असं भारी नाव आहे. शेतकरी तिला शिव्या देतात, कारण ती कितीही उपटली तरी मरत नाही. आपल्याला नेमकं तसंच गवत हवं आहे ना? पाणी नाही मिळालं तर ती वाळून तपकिरी होते आणि वळवाचा एक पाऊस पडला की परत हिरवी. मेसच्या भांडी धुण्याचं शेवटच्या खेपेचं पाणी, ज्यात साबण नसतो, ते तिला पुरेल.

मागच्या जागेचा अर्ज यावर्षी पुन्हा जाणार आहे, त्यात तीन गोष्टी घालाव्यात अशी माझी विनंती आहे. काम मेच्या सुट्टीत नको, दिवाळीनंतर वाफसा बघून करावं. कोटेशनमध्ये खालचा भराव आणि निचरा वेगळ्या ओळीत लिहून मागावा, नुसता चौरस फुटाचा दर नको. आणि रबरी चुऱ्याऐवजी वाळू. रेक्टर सरांनी "मातीचा रिपोर्ट आणा, मग बोलू" असं म्हटलं आहे, आणि ते बरोबरच आहे. येत्या शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही मागच्या जागेत तीन ठिकाणी दोन-दोन फुटांचे खड्डे घेतो आहोत: पाण्याच्या टाकीजवळ, मधोमध आणि कुंपणाकडे. फावडी दोन आहेत, हात कमी आहेत. नळ्या जिओटेक लॅबमधून मिळतील, रॉकेलची बाटली लॅबच्या काकांनी कपाटात जपून ठेवली आहे. आकडे रविवारी सकाळी मेसच्या नोटीस बोर्डावर लावू.